सरकारचा माणूस, किमान दराचा



कविता लिहिणाऱ्यानं पगाराचा हिशेब का मांडावा, असं कुणी विचारील. सांगतो. आपल्या कवितेत भाकरी फार येते. सूर्य येतो, वणवा येतो आणि मागून भाकरी येते. पण त्या भाकरीचा दर कोण ठरवतो, कोणत्या कागदावर ठरवतो, आणि ठरवताना आपल्याला किती माणूस धरतो, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. मी सुताच्या गिरणीत रिंगखात्यात आहे. रात्रपाळीला तुटलेले धागे जोडतो. शाळा नववीत सुटली. पण कायद्याची पुस्तकं रद्दीतही मिळतात आणि वाचनालयातही मिळतात, आणि जो धागा जोडू शकतो तो कलमही लावू शकतो.

प्रश्न साधा आहे. सरकारनं किमान वेतन वाढवलं की सरकारच्याच दारात राबणाऱ्या माणसाचं भलं होतं का?

तुम्ही म्हणाल, यात विचारायचं काय? चार पैसे जास्त आले तर भलंच होणार. पण आपल्याच वस्तीत या प्रश्नाला दोन तोंडं आहेत. एक म्हणतं, वेतनासाठी लढा, बाकी सगळं मागून. दुसरं म्हणतं, हातात झाडू तोच असेल तर पगारवाढ म्हणजे साखळीला सोन्याचं पाणी. दोघंही आपलेच. दोघंही बाबासाहेबांचं नाव घेऊन बोलतात. म्हणून हा प्रश्न नुसता हिशेबाचा नाही, नीतीचा आहे. वेतन ही श्रमाची किंमत की माणसाची, इथवर तो जातो.

१

सरकारी नोकर हा शब्द आपल्याला नवा नाही. आपला आजा, पणजा सरकारचाच माणूस होता. मुंबई इलाख्यात १८७४ चा वतनाचा कायदा होता. त्या कायद्यानं महार हा सरकारचा कनिष्ठ गावनोकर. टपाल पोचवायचं, सरकारी अंमलदार आला की त्याच्या दिमतीला उभं राहायचं, वसुलीच्या वेळी माणसं बोलावून आणायची. वेळ? चोवीस तास. पगार? सरकारच्या तिजोरीतून जवळजवळ नाहीच. इनामाची तुटपुंजी जमीन, पिढ्यापिढ्यांत वाटून चिंध्या झालेली, आणि वर गावाचं बलुतं. म्हणजे काम सरकारचं आणि मोबदला द्यायचा रयतेनं. महार घरात नसला तर त्याचा बाप, भाऊ, घरातलं जे माणूस हाताला लागेल त्यानं जायचं. नोकर एक, राबणारं अख्खं घर.

यात काय दिसतं ते बघा. मालक सरकार, पण पैसे देणारा हात दुसऱ्याचा. त्या हातानं नाही दिलं तर सरकार म्हणणार, ते तुमचं तुम्ही बघून घ्या. आज या हाताला ठेकेदार म्हणतात. बलुतं मागायला गेलेल्या बाईला पाटलाच्या खळ्यावर जे ऐकावं लागे, तेच आज ठेकेदाराच्या मुकादमासमोर ऐकावं लागतं. भाषा बदलली, शर्ट-पँट आली, मोबाईल आला. पगाराचा रस्ता तोच वाकडा.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात या वतनाच्या कायद्याला दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. वतनं गेली ती पुढं १९५८ च्या कायद्यानं. पण त्या विधेयकात काय होतं हे आपल्या आजच्या भांडणाच्या कामाचं आहे. त्याकडे मी शेवटी येतो.

२

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. किमान वेतनाचं विधेयक ११ एप्रिल १९४६ ला केंद्रीय कायदेमंडळात आलं ते त्यांच्या खात्याच्या काळात. कायदा झाला १९४८ साली. त्या कायद्याच्या शेवटी एक यादी आहे. कोणकोणत्या धंद्यांत किमान वेतन ठरवायचं, त्याची. यादीत विडी आहे, तेलाच्या गिरण्या आहेत, खडी फोडणं आहे, रस्ते आणि इमारतींचं काम आहे, कातडी कमावणं आहे. वाचताना वाटतं, आपल्या वस्तीची शिरगणतीच वाचतोय. आणि त्याच यादीत सहाव्या नंबरवर आहे: कोणत्याही स्थानिक संस्थेखालची नोकरी. म्हणजे नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हा मंडळं.

हे सहाव्या नंबरचं नाव मला फार मोठं वाटतं. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं की कामगाराला लुटणारा फक्त शेठजी नसतो. सरकारही लुटतं. विडी कारखानदाराच्या आणि चामड्याच्या मालकाच्या रांगेत कायद्यानं नगरपालिकेला आणून बसवलं. मायबाप सरकार या शब्दातली माया तिथंच संपली, आणि बरं झालं संपली.

तो १९४८ चा कायदा आता वेगळा उरला नाही. २०१९ च्या वेतन संहितेत तो विरघळला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कायद्याचं नाव बदललं, तरी जुना प्रश्न उरलाच आहे.

३

आता बघू, वाढ झाली की ती कुणापर्यंत पोचते. सरकारच्या दारात तीन प्रकारची माणसं आहेत.

पहिला कायम. त्याचा पगार वेतन आयोगावर चालतो. केंद्राच्या सातव्या वेतन आयोगानं १ जानेवारी २०१६ पासून सगळ्यात खालच्या माणसाचा मूळ पगार १८,००० रुपये केला. किमान वेतनाचा दर वाढला तर याच्या पाकिटात थेट काही पडत नाही. तो आधीच वर आहे.

दुसरा कंत्राटी. काम तेच, रस्ता तोच, झाडू तोच. पण हजेरी ठेकेदाराच्या वहीत. याच्यासाठी किमान वेतन हाच खालचा दर आणि हाच वरचा. कायदा म्हणतो, यापेक्षा कमी देऊ नका. ठेकेदार ऐकतो, यापेक्षा जास्त देऊ नका. जी जमीन म्हणून घातली होती तिचंच छत झालं.

तिसरी मानधनी. ही बहुतेक बाईच असते. अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा ताई. यांना सरकार कामगार म्हणत नाही, त्यांच्या पैशाला वेतन म्हणत नाही. मानधन म्हणतं. मान आणि धन दोन्ही शब्द एकत्र करून दोन्ही न देण्याची ही युक्ती. १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्रानं सेविकेचं मानधन महिना ४,५०० रुपये केलं, मदतनिसाचं २,२५०. राज्य त्यात आपली भर घालतं. पण ही रक्कम किमान वेतनाच्या मापानं कुणी मोजत नाही, कारण कामगारच नाही तर माप कशाला? २०१३ साली पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेनं शिफारस केली होती की योजनांवर राबणाऱ्या या बायांना कामगार माना, किमान वेतन द्या. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी ताई संपावर गेल्या आणि संप जानेवारीपर्यंत चालला. म्हणजे शिफारशीला दहा वर्षं झाली तरी त्यांना रस्त्यावरच यावं लागलं. किमान वेतन दुप्पट करा, चौपट करा. दाराबाहेर उभ्या असलेल्या बाईला आतल्या वाढीचा काय उपयोग?

आमच्या गिरणीच्या इतिहासात याला जोडीचं उदाहरण आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकर खात्यात अस्पृश्याला घेत नसत. धोटा भरताना धागा तोंडानं ओढावा लागे, त्याचा विटाळ व्हायचा. पगार त्याच खात्यात जास्त. युनियनं विणकराच्या दरासाठी भांडत राहिली आणि बाबासाहेब विचारत राहिले, आमच्या माणसाला त्या खात्यात कधी घेणार? दर वाढतो तेव्हा दारही बघावं लागतं. हे आपण त्यांच्याकडून शिकलोय.

४

आता कंत्राटी माणसाकडे नीट बघू. महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात, मूळ दर आणि विशेष भत्ता. महागाईच्या आकड्याप्रमाणे भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. कागदावर छान आहे. पण ठेका दोन-तीन वर्षांसाठी एका रकमेला सुटलेला असतो. भत्ता वाढला की फरक कोण भरणार? पालिका म्हणते ठेकेदार, ठेकेदार म्हणतो पालिका.

हिशेब मांडतो. आकडे समजून चालण्यापुरते आहेत. समजा ठेका १०० माणसांचा आहे, रोज ५०० रुपये, महिन्याला २६ दिवस. म्हणजे १३ लाख. उद्या दर ५५० झाला. ठेक्याची रक्कम मात्र १३ लाखच. आता एका माणसाला महिन्याला १४,३०० लागतात. १३ लाखांत ९० माणसं बसतात. दहा घरी गेली. पण शहर तेवढंच आहे, गल्ल्या तेवढ्याच. शंभर जण झाडत होते ते आता नव्वद जणांनी झाडायचं. पगार वाढला दहा टक्के, काम वाढलं अकरा टक्क्यांच्यावर. म्हणजे वाढ मिळूनही एका गल्लीमागची मजुरी घटली. आणि दहा घरांत चूल थंड.

दुसरी तऱ्हा मला घरातून ठाऊक आहे. माझी मावशी मराठवाड्यातल्या एका नगरपालिकेच्या रस्त्यावर ठेक्यानं झाडते. गावाचं नाव लिहीत नाही, तिची भाकरी जाईल. पगार तिच्या बँकेच्या खात्यात येतो, पूर्ण येतो, कायद्याप्रमाणे येतो. पासबुक बघितलं तर डोळे दिपतील. पण कार्ड मुकादमाजवळ. तो पैसे काढतो, ठरलेले हातावर ठेवतो, बाकीचे त्याचे. दर वाढला तेव्हा मी तिला म्हणलं, मावशे, आता वाढून आले असतील. ती म्हणाली, "आले ना. बँकेत आले. बँकेला काय झाडावं लागतंय व्हय?"

१९४८ च्या कायद्यात कलम होतं की किमान वेतनापेक्षा कमी घेईन असा करार कामगारानं स्वतः केला तरी तो रद्द. फार शहाणं कलम. भुकेल्या माणसाची संमती ही संमती नसते, हे त्या कलमाला ठाऊक होतं. पण मावशीनं करार केलेलाच नाही. तिनं फक्त कार्ड दिलं.

मग वाढ नकोच का? थांबा. उलट्या बाजूनंही बघा. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्या पगारातली दरी जितकी खोल, तितका कायम माणूस काढून कंत्राटी भरायचा मोह मोठा. वर एक वहिवाट आहे. पालिकेचा आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या पुढं गेला की नवी कायम भरती अडते, आणि ठेक्याचा पैसा मात्र वेगळ्या खात्यातून निघतो. म्हणजे किमान वेतन खाली राहणं हे कायम माणसाच्याही मुळावर येतं. जो कायम कामगार म्हणतो, कंत्राट्याच्या दराशी मला काय करायचं, त्यानं आपल्या निवृत्तीनंतरची जागा बघावी. ती जागा भरली जात नाही. ठेक्यात जाते. आणि ठेक्यात आरक्षण नसतं. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं बाहेरच्या संस्थांमार्फत नोकरभरतीचा निर्णय काढला तेव्हा पोरं याच कारणानं रस्त्यावर आली, आणि ऑक्टोबरात तो निर्णय मागं घ्यावा लागला. घटनेनं उघडलेलं दार ठेक्याच्या कागदानं बंद करता येतं, हे त्या वेळी सगळ्यांना दिसलं.

५

सरकारचं उत्तर ठरलेलं असतं. तिजोरीत पैसा नाही.

याला न्यायालयानंच कधीचं उत्तर दिलंय. १९५७ साली क्राउन अॅल्युमिनियमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ज्या उद्योगाला किमान वेतनही देता येत नाही त्याला चालू राहण्याचा हक्क नाही. हे कारखान्याबद्दल होतं. सरकार काही कारखान्यासारखं बंद करता येत नाही. मग सरकारला कोणता न्याय? तोही १९८३ साली मिळाला. राजस्थानात दुष्काळी कामावर, रस्त्याच्या कामावर, बायाबापड्यांना किमान वेतनापेक्षा कमी दिलं जात होतं. सरकारचं म्हणणं, आम्ही उपाशी लोकांना मदत करतोय, हा धंदा नाही. संजित रॉय खटल्यात न्यायालय म्हणालं, किमान वेतनाखाली राबवून घेणं ही वेठ आहे, आणि वेठ घटनेच्या तेविसाव्या कलमानं बंद आहे. दुष्काळ असला तरी बंद.

वेठ. हाच तो शब्द. न्यायालयाला तो घटनेत सापडला, आपल्याला घरात सापडतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याच्या गावोगाव लोकांनी खडी फोडली. माझ्या आजीनंही फोडली. त्या खडीवरून झालेल्या रस्त्यांवर आज गाड्या पळतात. त्याला उपकार म्हणायचं की काम? काम असेल तर त्याचं वेतन हक्काचं. उपकार असेल तर मग रस्ते कुणाचे?

आणि तिजोरीत पैसा नाही हे अर्धंच खरं. न्यायालयाच्या २०२३ च्या निकालाप्रमाणे गटारात उतरून माणूस मेला तर त्याच्या घरच्यांना ३० लाख द्यावे लागतात. आधी १० लाख होते. द्यायलाच हवेत, मी नको म्हणत नाही. पण ज्या व्यवस्थेत आपल्या माणसाच्या मरणाची किंमत लाखांत आणि जगण्याची किंमत रोजच्या किमान दरात, तिथं पैसा कुठं आहे आणि कुठं नाही हे आपण ओळखावं.

आपल्या शहरानंही एकदा या कामाची किंमत बघितलीय. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं शहराची घाण त्यांच्या उशाला पडत होती, त्यांचंही खरं होतं. औरंगाबाद कचऱ्यात बुडालं. मार्चमध्ये मिटमिट्याला गाड्या गेल्या तर तिथं दगडफेक, लाठीमार. ज्यांना झाडणाऱ्या बाईचं तोंड कधी दिसलं नव्हतं, त्यांना नाक दाबून का होईना तिची आठवण झाली. नंतर कचरा उचलायचं काम खाजगी कंपनीकडे गेलं. शहराला काम दिसलं, माणूस पुन्हा दिसेनासा झाला.

६

आता मापाकडे येतो. किमान म्हणजे किती?

१९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं माप ठरवलं. कामगाराचं घर चार माणसांचं धरायचं. पण जेवणारी तोंडं तीन. कसं? पुरुष एक, बाई ०.८, दोन लेकरं प्रत्येकी ०.६. बेरीज तीन. प्रत्येक पूर्ण माणसाला २,७०० कॅलरी. घराला वर्षाला ७२ वार कापड. वर घरभाडं, आणि सरपण, दिवाबत्ती वगैरेला २० टक्के. म्हातारे आईबाप या घरात नाहीत. पुस्तक नाही, दवाखाना नाही. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं रेप्टाकोस ब्रेटच्या निकालात त्यात २५ टक्के घातले, लेकरांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्न यासाठी.

हे माप वाचून मला हसावं की रडावं कळेना. ०.८ बाई! पहाटे चारला उठून रस्ता झाडून, मग घर झाडून, मग भाकरी थापणारी बाई पाऊण माणसाच्या जरा वर. पण माप वाईट असलं तरी ते माप आहे, त्यावर बोट ठेवता येतं. आणि गंमत पुढं आहे. सातव्या वेतन आयोगानं १८,००० काढले ते याच १९५७ च्या मापाच्या पायावर. त्याच सुमारास, २०१७ मध्ये, केंद्रानं सगळ्या देशासाठी सुचवलेलं तळाचं वेतन होतं रोज १७६ रुपये. २६ दिवसांचे ४,५७६. कॅलरी तीच, कापड तेच, लेकरं तेवढीच. एकाच सरकारचे दोन आकडे, एक दुसऱ्याच्या जवळजवळ चौपट. म्हणजे फरक भुकेत नव्हता. फरक होता कागदावर कुणाला आपलं धरलं आणि कुणाला परकं, यात.

म्हणून मी म्हणतो, सरकारी कामातलं किमान वेतन हा बाजारभाव नाही. कापसाचा भाव पडतो, चढतो. इथं बाजार नाहीच. सरकारच कायदा करतं, सरकारच दर ठरवतं आणि सरकारच मजूर लावतं. तिन्ही जागी एकच माणूस बसलेला असताना तो जो आकडा लिहितो, तो आपल्याबद्दलचं त्याचं मत असतं. मनूच्या पोथीत लिहिलेलं आपण जाळलं. हे राजपत्रात छापून येतं.

७

आता आपल्या घरातलं भांडण.

भीमनगरातला माझा एक मित्र आहे, वाचणारा, कडक. तो म्हणतो, "पगार वाढवा म्हणूच नका. झाडू सोडा म्हणा. चांगला पगार दिला की बाप पोराला म्हणणार, माझी जागा घे. वारसा हक्काची नोकरी म्हणजे नव्या जमान्याचं वतन." त्याचं बोलणं हलकं नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयानं त्या पुन्हा एकत्र करून पक्क्या केल्या. बापाचा झाडू लेकाच्या हातात कायद्यानंच जातो. आणि जात म्हणजे श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी, हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलंय. मग त्या विभागणीतच राहून दर वाढवून मागणं हा विद्रोह कसा?

मी त्याला उत्तर देतो ते १९२८ च्या त्या विधेयकातून. बाबासाहेबांनी वतनदार महारासाठी त्यात काय मागितलं? ज्याला वतन सोडायचं त्याला सोडता यावं, आणि पूर्ण सारा भरून जमीन त्याच्याकडेच राहावी. आणि जो राहील त्याचं बलुतं रोख पैशात बदलावं, ते वसुलीबरोबर गोळा व्हावं, कामं कोणती ते ठरवून द्यावं. बघा, दोन्ही मागण्या एकाच कागदावर आहेत. बाहेर जायचं दार आणि आत असलेल्याला रोख, ठराविक, कुणाच्या खळ्यावर हात न पसरता मिळणारं वेतन. त्यांनी महाराला असं म्हटलं नाही की आधी महारकी सोड, मग तुझ्या मजुरीचं बघू. किंवा मजुरी वाढली, आता गप महारकी कर.

यामागचा विचार मला असा कळतो. उपाशी माणूस काम सोडू शकत नाही. सोडायचं म्हटलं तरी महिनाभर खायला लागतं, पोराची फी लागते, शहरात एक खोली लागते. ज्याच्याजवळ उद्याचं पीठ नाही त्याला सोडा म्हणणं हा उपदेश आहे, चळवळ नाही. म्हणून वाढीव वेतन ही साखळी की किल्ली, हे वेतनावर ठरत नाही. त्याच्याबरोबर दार उघडलं की नाही यावर ठरतं. रेप्टाकोसच्या त्या २५ टक्क्यांत लेकराचं शिक्षण आहे. तो भाग खरंच हातात पडला तर मावशीचा पोरगा झाडू घेणार नाही. तो भाग मुकादमाच्या खिशात गेला तर घेईल. एवढा सरळ प्रश्न आहे.

मित्र यावर म्हणतो, मग वारसा हक्काचं काय? मी म्हणतो, हक्क राहू दे, सक्ती नको. वारसाला नोकरी द्यायचीच तर शिकलेल्या वारसाला कारकुनाची द्या, वाहनचालकाची द्या, त्याच्या शिक्षणाला शोभेल ती द्या. झाडूच का? आणि झाडूचा पगार इतका असू द्या की उद्या दुसऱ्या जातीचा पोरगाही त्या रांगेत उभा राहील. ज्या दिवशी ती रांग सगळ्या गावाची होईल त्या दिवशी ते काम फक्त काम उरेल. मित्राला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, ते रांगेत उभे राहतील आणि हजेरी लावून काम आपल्याकडूनच करून घेतील. असं होतंही. भांडण चालू आहे, चालू राहू द्या.

८

मग करायचं काय? तुम्ही कार्यकर्ते आहात. नुसतं वाचून सोडू नका.

मुंबईतल्या कचरा वाहतूक श्रमिक संघाची गोष्ट ध्यानात ठेवा. वर्षानुवर्षं ठेक्यावर कचरा उचलणारी माणसं, पालिका म्हणत होती आमची नव्हेतच. संघटना उभी राहिली, पुरावे गोळा झाले, खटला चालला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगारांना कायम करायचा निकाल टिकला. आणि हे कधी? २००६ च्या उमादेवी निकालानं हंगामी माणसाला मागल्या दारानं कायम करता येणार नाही म्हटल्यानंतरचं आहे. दार अरुंद होतं, तरी माणसं त्यातून गेली. पुढं २०१६ च्या जगजित सिंग निकालानं हंगामी कर्मचाऱ्यालाही समान कामाला समान वेतन हे तत्त्व लागू केलंय. त्यावर बोट ठेवायला आपल्यापैकी कुणीतरी तो वाचलेला पाहिजे.

तेव्हा आपल्या गल्लीत जा. झाडणाऱ्या बाईला विचारा, बाई, तुमचं कार्ड कुणाजवळ आहे? हजेरीची वही कोण लिहितं? पावती मिळते का? चालू सहामाहीचा दर तिला वहीत मोठ्या अक्षरात लिहून द्या. पालिकेकडून ठेक्याचा करारनामा माहितीच्या अधिकारात मागा, आणि त्यात दर वाढला तर फरक कोण देणार ते कलम बघा. नसेल तर तीच पहिली मागणी. दुसरी मागणी, माणसं कमी करायची नाहीत. दर आणि डोकी दोन्ही एकत्र मागितली नाहीत तर त्या शंभरातले दहा घरी जातील, आणि ते दहा आपल्याच विरोधात उभे राहतील. तिसरी, अंगणवाडी ताई आणि आशा ताई यांना कामगार म्हणा. चौथी, कायम कामगारांच्या युनियननं कंत्राटी माणसाला सभासद करावं. तिथं आपलेच लोक पुढारी असतात. त्यांनाही विचारा, वेगळं पाणी ठेवता का?

आणि कविता लिहिणाऱ्या दोस्तांनो, भाकरीवर जरूर लिहा. पण त्या गुरुवारी, सुट्टी असेल तेव्हा, एका बाईबरोबर बँकेत जा आणि तिचं कार्ड तिच्या हातात येईस्तोवर तिथून हलू नका. मी पुढच्या महिन्यात मावशीच्या गावी जातोय. मुकादम दांडगा आहे. कुणी बरोबर येणार असेल तर गिरणीच्या फाटकावर सकाळी सातला, पाळी सुटताना भेटा.

जय भीम.